मालेगाव ते चांदवड

तेजल सपकाळे, वय असेल तेवीस,
टेबलावर तीन कागद मांडते, पत्त्यांसारखे.
पहिली गाडी, मधली गाडी, वरची गाडी.
रंग एकच, चेहरा एकच,
किमतीत मात्र लाख-लाखाची पायरी.

"काका, वरचीला सनरूफ आहे."
मी काचेबाहेर बघतो. मे महिना, दुपारचे दोन,
जळगावच्या हायवेवर डांबर पाघळलंय,
उभ्या ट्रकच्या सावलीसोबत
एक कुत्रं इंचाइंचानं सरकतंय.
पोरी, आमच्याकडे छपराला भोक
कुणी पैसे देऊन पाडत नाही.

ती हसते. पुढचं पान.
वरचीच्या सीटमधून गार वारा येतो म्हणे, पाठीला.
इथं मात्र मी थांबतो.

बत्तीस वर्षं वीज मंडळात काढली, लाइनमन.
खांबावर चढलो की पाठीला वारा फुकट होता,
आणि लोखंड असं तापलेलं
की हातमोज्यातूनही पकड सोडावीशी वाटे.
म्हणून मी विचारतो ते वेगळंच:
घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर भरेल का?
अर्थिंग कच्चं असेल तर नकार देते का?
रात्री केळीचे पंप सुरू झाले
की फैजपुरात व्होल्टेज एकशेसत्तरवर येतं,
तेव्हा ही काय करते? रुसते, की सावकाश पिते?
तेजल दोनदा आत जाऊन येते.
"सावकाश पिते, काका."
मला ती गाडी तिथेच थोडी आवडते.

वरचीला जलद चार्जर. त्याला घरचा लोड वाढवावा लागेल.
म्हणजे अर्ज, माझ्याच जुन्या ऑफिसात,
जिथं अर्ज कुठल्या कपाटात झोपतात
ते मी झोपेतही सांगेन.

मंदा इतका वेळ मागच्या सीटवर बसून होती,
दार उघडं, चपला बाहेर काढून.
आता उठून डिकीशी गेली, दोन्ही हात पसरले:
भरिताचं मोठं पातेलं कलंडणार नाही.
कागद लिटरमध्ये काहीही म्हणो,
तिचं माप झालं.

राहिली बॅटरी.
पहिलीत लहान, वरचीत मोठी,
मधली दोन्हीत मिळते, हीच पंचाईत. फरक दीड लाख.
छापील आकडे मी मानत नाही,
ज्यानं मीटर उघडून पाहिलेत त्यानं मानू नयेत.
एसी, आमचा उन्हाळा, मागं गव्हाचं पोतं;
तीस टक्के कापले.
कागदाच्या पाठीवर पेनानं रस्ता काढला,
पुण्यापर्यंत. तिथं पराग असतो.
लहान बॅटरी मालेगावच्या अलीकडे संपते.
मोठी, चांदवडला.
दोन्हीकडून पुणं दिसत नाही.
म्हणजे दीड लाख रुपये
मालेगाव ते चांदवड,
पोराच्या दिशेनं चाळीसेक किलोमीटर.

हे मी मोठ्यानं म्हटलं नव्हतं.
तरी मंदा म्हणाली,
"पराग येतोच ना दिवाळीले. त्याची त्याले गाडी हाये.
मले पाल दाखवा."
पाल?
"तुमी पालले तारा वढल्या,
रात्री-बेरात्री गेले, मी डबे भरले.
मले कधी नेलं?"

फैजपूर ते पाल, किती? पस्तीसेक.
घाट धरून, जाऊन-येऊन,
पहिल्या गाडीच्या लहान बॅटरीत
पाल दोनदा मावतं, वर थोडं उरतं.
तिकडच्या एका पाड्यावर अकरा खांब आहेत माझ्या हातचे.
सातवा जरा कलता. खाली खडक लागला होता.
कुणाला दाखवावा असं कधी सुचलं नाही.

वरचा कागद घडी घालून तेजलला परत दिला.
मग मधला.
पहिल्यावर बोट ठेवून विचारलं,
तो पाठीचा गार वारा
हिच्यात नंतर बसवून मिळेल का?
"नाही काका. सुटा मिळत नाही."
मी परत एकदा विचारलं.

मंदा चपला घालत होती.