प्रॉम्प्टर

काल्याच्या रात्री देवळासमोर नाटक व्हायचं,
तेव्हापासून मी विंगेत.
एका हातात वही, दुसऱ्यात टॉर्च.
तुळशीदास मळीक राजा असायचा.
तो "अरे" म्हणून अडखळला की
पुढचं वाक्य मी ओठांवरून सोडायचो.
टाळ्या त्याला.

मग तो सरपंच झाला, मग आमदार,
आणि मी डिचोलीच्या नोंदणी कचेरीत कारकून.
गोव्यात लग्न आधी सहीनं लागतं.
पहिली सही. मग पंधरा दिवस थांबायचं,
कुणाची हरकत असेल तर यावं.
मग दुसरी.
एकतीस वर्षं मी बोट ठेवून सांगत आलो,
इथं. आता इथं.
नवऱ्या मुलाचं पेन चाललं नाही तर माझं दिलं.
संध्याकाळी शेवटच्या बसनं मये.
त्याच्या मागच्या दाराला कडी नसायची.
लोक मला "भाऊंचा माणूस" म्हणत.
इतकं खरं कुणीच काही बोललं नाही.

एका अधिवेशनात त्याला बोलायचं होतं:
अशा लग्नांनी आमच्या देवळांच्या पायऱ्या विटाळतील.
जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलं त्यानं.
"विटाळतील"च्या दोन्ही वेलांट्या उलट पडल्या होत्या,
मी सरळ केल्या
आणि चहा टाकला.

गेल्या शुक्रवारी साखळीत मेळावा,
कुटुंब वाचवा.
पुढच्या रांगेत महिला मंडळ, बाजूला समई.
भाषण मीच टाइप केलेलं, मोठ्या अक्षरात,
स्टेजवर तो चष्मा लावत नाही.
तिसऱ्या ओळीवर थांबला.
पडद्याआड माझे ओठ सवयीनं हलले:
म्हणून, बंधुभगिनींनो...
त्यानं माझ्याकडे बघितलं.
कागदाची घडी घातली, खिशात ठेवली.
"माझ्या घरी कुणी नाही असं तुम्ही समजता.
आहे. तो तिथं उभा आहे. अनंत तारी.
सव्वीस वर्षं झाली."

माइक कुईं करून वाजला.
कुणीतरी पंखे बंद केले, का ते कळलं नाही.
सगळी डोकी पडद्याकडे वळली
आणि मी पहिल्यांदाच प्रेक्षकांना दिसलो.
नमस्कार केला. काय करणार.

सोमवारी बॅनरवरून त्याचं तोंड कापलेलं,
चौकोनी भोकातून मागचा विजेचा खांब दिसत होता.
पक्षानं कळवलं, भाऊंची प्रकृती बरी नाही.
देवस्थान कमिटीनं तातडीची बैठक बोलावली,
कोरम झाला नाही.
बाजारात सुकांती बांगडे मोजता मोजता म्हणाली,
"म्हाका खबर आशिल्ली रे.
तुमगेर सदांच दोगांचें नुस्तें वता."
आणि एक बांगडा वर टाकला.

काल जुन्या कचेरीत गेलो.
माझ्या खुर्चीवर नवी मुलगी.
अर्जात एक रकाना वराचा, एक वधूचा.
तिनं अर्ज उलटा करून बघितला,
जणू मागच्या बाजूला काही असेल.
"काका, कायदा बदलला की फोन करते."
नंबर लिहून घेतला. खरंच लिहून घेतला.
पंधरा दिवस थांबायचं मला नवीन नाही.
सव्वीस वर्षांत हरकत घ्यायला कुणी आलं नव्हतं.
एक तोच आला होता,
विधानसभेत, माझ्या शुद्धलेखनात.

रात्री तो आमटी गरम करत होता.
पाठ माझ्याकडे.
"अनंता, ते भाषण... ते तेव्हाचं...
मला तुझी..."
आणि थांबला. वळला.
पुढचा शब्द मला पाठ आहे.
दोनच अक्षरं.
तो माझ्या ओठांकडे बघत राहिला,
गॅसवर आमटी खदखदायला लागली.

मी ताटं घेतली, पाणी घेतलं,
आणि ओठ मिटून बसलो.