सोडलेली खोली

महापे, रात्रीचे अडीच.
कर्नलच्या फाइलमध्ये, चौदाशे बाराव्या ओळीवर,
एक जागा मोकळी केलेली आहे,
नीट, रीतसर, अकरा वर्षांपूर्वी.
फक्त तिचा पत्ता
कुणीतरी खिशात तसाच ठेवलाय.

जागा पुढे दुसऱ्याला मिळते.
तो आपलं सामान लावतो.
आणि जुना, कुठल्याही दिवशी,
दार न वाजवता आत.

चोरी अजून झालेली नाही.
किंवा झालेली कळलेली नाही.

दुरुस्ती दोन ओळींची:
आधी पत्ता पुसायचा, मग जागा सोडायची.
वैजयंतीने तपासलं. म्हणाली, "आणि कुलूप?"
"धरलंय. शेवटपर्यंत."
चाचण्या पहाटेपर्यंत चालल्या.
काहीच घडलं नाही.
आमच्याकडे यालाच काम झालं म्हणतात.

सकाळी रिक्षात, सुट्ट्या पैशांसाठी
बॅग उपसताना
जुडग्यात हाताला लागली ती पितळी किल्ली.
कोपरखैरणे, माथाडी वसाहत, वरची खोली.
सोडून सात वर्षं झाली.
डिपॉझिट मात्र मी
दोनदा मोजून घेतलं होतं.

"भाऊ, जरा सेक्टर पाचला घ्या."

दार एका बाईंनी उघडलं,
कानाला फोन, खांद्यावर ओला टॉवेल.
मागे कुणाचं तरी दप्तर, कुणाचं तरी औषध,
माझ्या खिळ्याला त्यांचं कॅलेंडर.
किल्ली घेतली, हसल्या,
"अहो, एवढ्यासाठी आलात?"

मग दाराकडे पाहिलं.
कुलूप तेच होतं.

फोन कानावरून खाली आला.
"किती वर्षं म्हणालात?"