चौसष्टाचे पासष्ट

उजव्या चपलेचा अंगठा तुटला
म्हणून चप्पल लाइनीत, गुंडूमामा सातपुत्यांच्या दुकानात
मी स्टुलावर बसले होते,
एक पाय चपलेत, एक पोत्यावर.
हातात चौकटीची वही. सवयच ती.
आठ बाय आठचा चौरस,
तीन रेघा, चार तुकडे:
दोन त्रिकोण, दोन समलंब.
तेच चार फिरवून मांडले की पाच बाय तेरा.

"बघा मामा, चौसष्टाचे पासष्ट झाले.
एक घर फुकट."

त्यांनी दातांतला दोरा सोडला.
"कातडं कुणाला फुकट मिळालंय व्हय गं?"

कोड्यांचा नाद मला वडिलांचा.
मार्केट यार्डात, गुळाच्या अडतीवर ते तोलार.
त्यांनी घातलेलं पहिलं कोडं:
चारच वजनं घे आणि एक ते चाळीस किलो
सगळं तोलून दाखव.
दोन दिवस गेले, नववीची सहामाही गेली,
मग सापडलं. एक, तीन, नऊ, सत्तावीस.
मेख एवढीच, की वजन
मालाच्या पारड्यातही टाकायची मुभा पाहिजे.
"कोड्यात चालतंय," ते म्हणाले,
"अडतीत केलंस तर मार खाशील."

मामांनी उरलेल्या कातड्यातून चौरस काढला,
आठ इंच, चारी बाजूंनी पट्टी लावून.
माझी वही उलटीसुलटी धरून पाहिली.
मग रापी. तीन घाव.
(मी पेन्सिलीने काढते त्या रेघेला जाडी असते,
आणि त्या जाडीत बरंच काही खपतं,
हे मला तोवर सुचलंच नव्हतं.)
तुकडे शोकेसच्या काचेवर मांडले,
पाच बाय तेरा, अंगठ्याने दाबून, कडेला कड.
"बसलं की," मी म्हणाले.
"थांब."
त्यांनी काचेखालचा बल्ब लावला.

एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत
उजेडाची एक फट.
टोकांना नाहीच म्हणावी अशी,
मधोमध जेमतेम सूतभर.
"ही बघ तुझी फुकटातली इंच.
कातडं न्हवं ते. उजेड हाय."

बाहेर कुणीतरी जोडीचा भाव पाडून मागत होतं.
मी त्या फटीकडे बघत बसले.

वडिलांच्या हिशेबात
दर हंगामाला एक रवा कमी यायचा.
मालक पगारातून कापायचे.
वडील रात्री जेवण झाल्यावर पावत्या पसरून
तो रवा शोधायचे,
कुठल्या दिवशी, कुठल्या गाडीत, कुणाच्या हातून,
जणू तो अख्खाच्या अख्खा
कुठंतरी एका जागी ठेवलेला असणार.
मीही शोधला. सापडला नाही.
त्यांना कुणी काचेवर मांडून दाखवलं नाही
की असं कमी एका जागी नसतं,
ते सगळ्या हंगामभर तिरकं पसरलेलं असतं,
केसाएवढं, केसाएवढं,
आणि कड जुळल्यासारखी दिसते.

अंगठा शिवून झाला. मामांनी पैसे घेतले,
कोड्याचे सोडून, म्हणाले.
नवीन शिलाई रंकाळ्यापर्यंत करकरत राहिली.

आठ दिवसांनी त्यांचा पोरगा आमच्या ऑफिसात आला.
निरोप पाठ करून आणलेला, एका दमात म्हटला:
"तेराचा चौरस कापलाय.
आठ बाय एकवीस मांडलाय.
एकशे एकोणसत्तरचे एकशे अडुसष्टच भरत्यात.
एक इंच चोरीला गेल्या, या आणि शोधून द्या."

तेरा, आठ, एकवीस.
हे आकडे मी त्यांना दिलेच नव्हते.

इंच कुठे आहे ते मला माहीत आहे.
ह्या खेपेला फट नसणार,
कातड्यावर कातडं चढलेलं असणार, तिरकं,
बल्ब लावून दिसणार नाही,
बोट फिरवावं लागेल.

सांगायचं नाही लगेच.
चप्पल धड आहे. तरी निघाले.