गोगलगायीची खुंटी

शोप्रोनच्या या पाळणाघरात
प्रत्येक मुलाच्या वाट्याला एक चित्र येतं.
नाव वाचता येत नाही अजून, म्हणून
खुंटीवर, टॉवेलवर, पलंगाच्या पायथ्याशी
कुणाची छत्री, कुणाचं नासपती, कुणाची किटली.
वेंडेलची गोगलगाय.

चित्र बदलत नाही. तीन वर्षं तेच.
बदलतो त्या आम्ही बायका.

मी सप्टेंबरपासूनची चौथी.
पहिली एमोके. तिचं बोट धरून तो चालायला लागला
आणि एका सोमवारी ती ऑस्ट्रियाच्या बसमध्ये चढली,
सरहद्दीपलीकडे कुणा म्हातारीला भरवायला.
तिकडे त्याच चमच्याचे तिप्पट मिळतात.
तिला बोल कोण लावणार? घर आहे, घराला हप्ते आहेत.
दुसरी बाळंतपणाला गेली.
तिसरी नऊ दिवस होती.
तिचं नाव आता कुणाला सांगता येत नाही,
एप्रन मात्र राहिला कपाटात. तोच मी घालते.

बोरबाला बाईंनी वही दिली मला.
वहीत होतं: दूध कोमट. अंडं चालत नाही. झोप साडेबाराला.
वहीत नव्हतं
की डावा मोजा आधी काढायचा,
उजव्याला आधी हात लावला तर झोप गेलीच म्हणून समजा;
की कपाळावरून नाही, कानामागून बोट फिरवायचं;
की ‘बूबू’ म्हणजे दिवा, म्हणजे पाणी,
आणि कधी कधी, दाराकडे बघून म्हणाला तर, एमोके.
चुकत चुकत तीन आठवड्यांत कळलं मला एवढं.
आधीच्यांनाही कळलंच असेल की.
गेलं त्यांच्याबरोबर, पर्समध्ये, किल्ल्यांसारखं.

पहिल्या दिवशी तो रडला नाही.
आला आणि माझ्या मांडीवर बसला,
बसथांब्याच्या बाकावर बसतात ना माणसं,
तसा, पाठ टेकवून, समोर बघत.
तपासणीच्या बाई आल्या होत्या, म्हणाल्या,
किती गुणी! कुणाकडेही जातो.
मी हसले. त्याचं नाक पुसलं.
तो ‘कुणाकडेही’ मात्र
बुटातल्या खड्यासारखा टोचत राहिला मला घरी पोचेपर्यंत.

मग हिवाळाभर मी एकच केलं:
तेच केलं.
आता बाही वर करते. आता पाणी येईल. आता साबण.
आता हा हात. आता दुसरा.
त्याच शब्दांत, त्याच क्रमानं,
खिडकीबाहेर धुकं असो की शेजारच्या छतावरून बर्फ घसरो.
नोव्हेंबरात तो मला चावला. डिसेंबरात वाटी फेकली.
मी वाटी उचलली. आता साबण. आता हा हात.

फेब्रुवारीत, बुधवारी,
दुधातला रवा होता, वर कोको.
मी जेवायला निघाले आणि मागे
काहीतरी फुटल्यासारखं झालं.
वेंडेल. तोंड उघडं, आवाज अजून वाटेत,
आणि मग आला तो आवाज.
नवी मुलगी चेंडू घेऊन धावली. थांब, म्हटलं.
खाली बसले. त्याला म्हणाले, मी जेवते आणि येते.
मोठा काटा सहावर आला की येते.
त्याला काटा कळत नाही, सहा कळत नाही.
मला तरी कळावं म्हणून म्हणाले.

सूप तसंच गार झालं.
भिंतीपलीकडून ते रडं येत होतं, माझंच, नाव घातलेलं.
एप्रनच्या खिशात आयझेनश्टाटचं पत्र,
आकडा मी पाठ केलेला.
शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे.

काटा पाचच्या पुढे होता तेव्हाच उठले.
त्यानं पाहिलं, आणि पाठ फिरवली माझ्याकडे,
अख्ख्या बावीस महिन्यांच्या रागानं.
मी पलंगापाशी बसून राहिले. काही बोलले नाही.
बऱ्याच वेळानं
पांघरुणाखालून एक पाय बाहेर आला.
डावा.