न बुडालेल्याचा रकाना

मार्चएंड सरला की आमचं प्रशिक्षण.
यंदाचा विषय : हवामान वित्त, कल आणि संधी.
मारुती चौकातली शाखा, वरचा मजला.
खालचा आम्ही एकोणीस साली नदीला देऊन बसलो,
आता तिथे एटीएम, आणि जिन्याखाली तातोबा शिपायाची सायकल.

पडद्यावर पुण्याचे साहेब, वर वर जाणारे बाण.
हरित रोखे. कार्बन क्रेडिट. मिश्र भांडवल.
मी लिहून घेते. बावीस वर्षांची सवय,
कुणी आकडा उच्चारला की हात आपोआप हलतो.
शंभरातले नव्वदेक रुपये, साहेब म्हणाले,
धूर कमी करायला जातात.
उरलेल्यात जगानं
पाण्यातून आणि उन्हातून वाचायचं.

नव्वदाचं मला कळतं.
ढालगावच्या माळावर पाती फिरतात,
पात्याला मीटर, मीटरला बिल, बिलातून हप्ता.
असलं कर्ज मी जेवता जेवता लिहीन.

पण माझ्या खणात आदगोंडा मगदूम आहेत.
हळद पॉलिशचे दोन ड्रम, एक मोटर, अकरा बायका कामाला.
मागणी अठरा लाख :
जोतं नऊ फूट उचलायचं,
मोटर माळ्यावर, मालाला उतरंड.
फॉर्म विचारतो, उत्पन्नात अपेक्षित वाढ?
मी विचारलं. ते टोपी काढून हसले.
"माल तेवढाच निघंल की ओ मॅडम.
फक्त बुडायचा न्हाई."

यांच्या आज्याची हळद हरिपूरच्या पेवांत असायची,
जमिनीच्या पोटात, पाल्याच्या अस्तरात,
आणि वर नुसती पावती या हातातून त्या हातात फिरायची.
पेव कुणी उघडून बघत नसे.
माती कोरडी राहील
एवढ्या एका गोष्टीवर अख्खी पेठ उभी होती.
मग पाच साली पाणी आलं. पावत्या कोरड्याच होत्या.

मी हात वर केला. "मॅडम, तुमचा आवाज येत नाही."
पुन्हा. "आता येतोय."
म्हटलं, जे नुकसान झालंच नाही
ते कुठल्या रकान्यात दाखवायचं?
साहेब थोडा वेळ हललेच नाहीत,
मला वाटलं नेट गेलं.
"चांगला प्रश्न आहे. आपण नंतर बोलू."
पुढच्या पडद्यावर पुन्हा बाण.

जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्डरूमची किल्ली मागितली.
एकोणिसाची फाइल अजून फुगलेली,
पानं उलटताना पापडासारखी वाजतात.
मोटर रिवाइंडिंग. भिजलेली पोती, दोनशे चाळीस.
थकलेले सात हप्ते, माफ केलेलं व्याज, माझीच सही.
एकविसाची फाइल बारीक आहे,
तोवर मगदूम माल उचलायला शिकले होते.
कॅल्क्युलेटरवर दोनदा बेरीज केली,
दोन्ही वेळा एकवीस लाख आणि वर थोडे.
एवढे रुपये आपण सगळ्यांनी मिळून
कृष्णेत सोडले, आणि त्याला
'अपवादात्मक परिस्थिती' असं नाव दिलं.

छापील फॉर्मवर 'इतर' नंतर दोन बोटं जागा उरते.
पट्टी घेतली, पेन्सिलीनं एक उभी रेघ ओढली,
वर लिहिलं : न बुडालेले.
खाली एकवीस लाख.
गुरुवारी समिती बसेल.
चेअरमन साखरेतले आहेत, त्यांना रेघ दिसेल,
आणि खोडरबर त्यांच्या टेबलावर कायम असतो.

संध्याकाळी मगदूमांचा फोन.
मंजुरीचं नाही विचारलं.
"आयर्विनला सत्तावन्न फूट झालं हुतं तवा.
ते धरून नऊ काढलंय.
पुरंल न्हवं, पुढच्या वीस वर्साला?"

कर्जाची मुदत बारा वर्षं.
खिडकीतून पूल दिसत नाही, फक्त त्या दिशेचे दिवे.
मी वही उघडली, सकाळचे सगळे बाण पुन्हा पाहिले.
ते सगळे पैशाचे होते.
पाण्याचा एकही नव्हता.

"हॅलो," मगदूम म्हणाले, "आवाज येतोय का?"