दोन मिलिअँपिअर

"मीठ घरचं चालेल?" यांनी विचारलं.
ग्लेनिस हसली. "नाही काका, सलाइनच लागतं."
ब्लाउजचं माप घ्यावं तसं तिनं टेपनं माझं डोकं मापलं,
केसांत पेनानं खूण केली.
दोन ओले स्पंज. एक डावीकडे, खुणेवर,
एक उजव्या भुवईच्या वर. रबरी पट्टा.

परळ, तिसरा मजला.
खाली पुलाच्या सावलीत
गावाहून आलेल्या पेशंटांची माणसं
स्टोव्ह मांडून बसलेली.

यांची एकतीस वर्षं बेस्टमध्ये गेली. केबल जॉइंटर.
लाइन मेली आहे असं कुणी सांगितलं
तरी मानायचं नाही, स्वतः तपासायचं,
हे मला भाजी निवडताना सांगायचे.
माझगावच्या सबस्टेशनात मानकामे यांच्या डोळ्यांदेखत...
ते वाक्य यांनी कधी पुरं केलं नाही.
मी ओल्या हातानं बटण दाबलं
की घर डोक्यावर घ्यायचे.

आता माझ्या ओल्या कपाळातून करंट जाणार,
आणि हे शेजारी, पिशवी मांडीवर घेऊन.
"किती?"
"दोन मिलिअँपिअर."
"मिली," हे म्हणाले. "मिली म्हणजे काहीच नाही गं."
मग पुन्हा एकदा, स्वतःशीच.

मला भीती वाटत नव्हती. तेच तर दुखणं होतं.
दीड वर्ष. दूध वर येताना दिसायचं,
गॅस बंद करायचा हेही कळायचं,
मधे कुठेतरी माझा हात हरवायचा.

मुंग्या. मग खाज. मग काही नाही.
रोज वीस मिनिटं, शनिवार-रविवार सुट्टी, बँकेसारखी.
डॉक्टर म्हणाले, गुण येईलच असं नाही,
गोळ्या सोडू नका.
खरं बोलले, म्हणून बरे वाटले ते.

बाराव्या दिवशी पट्टा आवळताना
खारट ओघळ डोळ्यात गेला,
आणि नेमकं तेव्हाच यांचं, रोजचंच,
"जास्त तर होत नाही ना गं?"
"अहो, गप्प बसा की जरा!"

ग्लेनिसचा हात थांबला.
यांनी रुमाल काढला,
आणि मला द्यायचा सोडून
स्वतःच्याच तोंडावर धरला.

जिना उतरताना म्हणाले,
"उद्या परत ओरडशील?"
बघू, म्हटलं.

पुलाखाली कुणाची तरी डाळ लागत होती.
मी थांबले. त्या बाईला म्हटलं,
अगं, बारीक कर तो स्टोव्ह.