मागची बाजू

तीन बाय सहाचा स्टॉल, उंची अडीच मीटर.
त्याच्यावर खिळासुद्धा नको, असं नियमावलीत छापलंय.
कंपनीने पाठवलेल्या चित्रात मात्र
किल्ल्याचा दरवाजा पार ढगात घुसलेला.
मी पेन्सिल कानावर ठेवली, म्हटलं, बघू.

बायपासवरच्या या हॉलात एसी उद्यापासून.
आज नुसता भुसा, कटरचा आवाज,
आणि शेजारी कुणीतरी खुर्च्या मोजतंय,
तिसऱ्यांदा, आणि परत एक कमीच.

बाकलीवालांची सौम्या येते, गळ्यात बिल्ला.
"अंकल, दरवाजा जुना दिसायला हवा.
पाचशे वर्षं जुना. वाळवी लागलेला."
सकाळीच सियागंजातून आणलेलं प्लाय,
वाळवी लागणार नाही अशी लेखी हमी असलेलं.
इलियास माझ्याकडे बघतो,
"भिया, जन्मभर उलटं काम केलं आपण,"
आणि ब्लो टॉर्च पेटवतो.
मग तारेचा ब्रश, मग चहाचं उरलेलं पाणी.
तासाभरात दरवाजाला पाचशे वर्षं होतात.

दादा मिलमध्ये फिटर होते.
अनंत चतुर्दशीच्या झांकीतल्या राक्षसाचा जबडा त्यांच्या हातचा,
सायकलची चेन आणि भंगारातलं गिअर.
रस्त्याच्या दोन्ही कडांना लोक पहाटेपर्यंत उभे
तो जबडा एकदा उघडलेला बघायला.
मी ट्रॉलीच्या पोटात, ग्रीसचा डबा मांडीवर.
आरोळी उठली की कळायचं, उघडला.
समोरून तो राक्षस मी कधीच पाहिला नाही.
मग मिल बंद पडली.
जबड्याचं काय झालं, कुणी विचारलं नाही, मीही नाही.

रात्री दोन. पडदे लागले, वायरी टेपखाली गेल्या.
कंपनीतला अन्वित, हुडीच्या आत कुठेतरी झोप दडवलेला पोरगा,
म्हणतो, बसा, एकदा खेळून बघा.
ते कंट्रोलर मी दोन्ही हातांनी धरलं
गरम कप धरावा तसं.
पडद्यावर माझाच दरवाजा.
जळका, खिळ्याखिळ्यासकट.
सगळे आत शिरतात म्हणे, आत खजिना आहे, पहारेकरी आहेत.
मी भिंतीच्या कडेकडेने वळसा घेतला,
दोनदा दरीत पडलो, दोनदा परत आलो,
आणि मागे पोचलो.

मागे काही नव्हतं.
करडा रंग. त्याला लाकूड नाही, सावली नाही.
दरवाजा कागदाच्या कडेएवढा जाड.
"तिकडे कुणी जातच नाही, अंकल," तो म्हणाला,
"म्हणून काढलं नाही."

मी त्याला उठवला, हाताला धरून
खऱ्या दरवाजाच्या मागे नेला.
दोन बाय दोनचे तिरके टेकू, वाळूची पोती,
खिळ्याला टांगलेला डबा,
कार्पेटच्या गुंडाळीवर तोंड उघडं टाकून इलियास,
आणि कोऱ्या प्लायवर माझी पेन्सिल,
२४४ वजा १८, अर्धा सुताचा फरक,
इलेक्ट्रिशियनचा नंबर,
खाली कुणाला तरी दिलेले तीनशे.
तो बराच वेळ बघत राहिला.
"हे तिरकं का लावलंय?"
म्हटलं, काढून बघ.
त्याने टेकूला हात लावला, काढला नाही.
मग फोनवर फोटो घेतला, एक टेकूचा,
एक, का कोण जाणे, डब्याचा.

पहाटे आम्ही पोहे खाल्ले, वर भरपूर जीरावन.
दहाला दारं उघडली. पोरांची रांग हॉलच्या बाहेर गेली म्हणतात.
मी घरी झोपलो होतो.

रविवारी रात्री सगळं उतरवायला दोन तास लागले.
बिलाचे अर्धे पैसे अजून यायचेत.
सोमवारी हेच प्लाय महूला,
एका शाळेच्या गॅदरिंगला राजवाडा हवाय, पांढरा, नवाकोरा.
होऊन जाईल.
जळकी बाजू मागे करायची.